तुम्ही विचारलेत म्हणून : तीन दिवसांत चेन्नईचे गाणे किती ऐकावे?

नाताळला जोडून शनिवार-रविवार येणार असे कॅलेंडरात दिसले की मला हमखास विचारले जाते, "तुम्ही दरवर्षी मार्गळीत (डिसेंबर-जानेवारीतल्या तमिळ महिन्यात) गाणे ऐकायला चेन्नईला जाता, आम्हाला तीनच दिवस मिळणार आहेत, तर कोणाकोणाला ऐकावे आणि हे सगळे कसे बसवावे?" विचारणारे बहुतेक जण सवाईच्या मंडपात वाढलेले, तयार कानाचे असतात आणि नावांची लांबलचक यादी करूनच आलेले असतात. त्यांना मी एवढेच सांगते, की दिवसाला एकच मोठी मैफल ठरवावी आणि ती पहिल्या वर्णमपासून शेवटच्या मंगलमपर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या रचनेपासून समारोपाच्या रचनेपर्यंत, जागेवरून न उठता ऐकावी.

हे मी अनुभवाने शिकले. डिसेंबरच्या मध्यापासून पुढे महिनाभर या शहरात सकाळपासून रात्रीपर्यंत अनेक सभागृहांत एकाच वेळी गाणे चालू असते. १९२८ साली स्थापन झालेली म्युझिक अकॅडमी, त्याहून जुनी ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा, नारद गान सभा, टी. नगरातली कृष्ण गान सभा अशा संगीतसंस्थांची (तिकडे त्यांना 'सभा' म्हणतात) नावे वाचूनच माणूस हावरा होतो. पहिल्या वर्षी मी एका संध्याकाळी तीन सभा गाठायला निघाले. एकीकडे नुसती आलापना (तालाशिवायचा रागविस्तार), दुसरीकडे नुसते स्वरकल्पन (सरगमीतला विस्तार) ऐकले आणि उरलेला वेळ पावसात रिक्षा शोधण्यात गेला. (तिकडचा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असतो आणि डिसेंबरातही पडतो, त्यामुळे छत्री न्यावीच.) त्या दिवशी माझी एकही मैफल पूर्ण झाली नाही.

कर्नाटक संगीताची मैफल, म्हणजे तिकडच्या भाषेत कच्चेरी, अडीच-तीन तासांची असते आणि तिची बांधणी आपल्यापेक्षा वेगळी असते. आपण विलंबित ख्यालाची वाट पाहत बसलो तर पहिला तासभर हातून निसटतो, कारण तिथे वर्णम आणि दोन-तीन छोट्या कृतींनी (बांधलेल्या गीतांनी) आधी मंडप तापवला जातो आणि मुख्य राग मध्यावर येतो. गायकाने आलापना संपवली की व्हायोलिनवादक तोच राग स्वतःच्या वाटेने मांडतो, मग कृती, तिच्या एकाच ओळीचा विस्तार म्हणजे निरवल, स्वरकल्पन आणि त्यानंतर मृदंगम् व घटम् (मातीचा घट) यांचे 'तनी आवर्तनम्', म्हणजे तालवाद्यांचे स्वतंत्र वादन. नेमक्या याच वेळी अर्धे सभागृह कॉफीसाठी बाहेर पडते. माझी कळकळीची विनंती आहे, की तुम्ही तेव्हा बसून राहावे. दोघे वादक आळीपाळीने वाजवत हळूहळू जवळ येतात, एकत्र होतात, कोरवै (समारोपाची बांधीव लयरचना) तीनदा वाजवतात आणि तिच्या टोकावर गायक गाण्याची ओळ नेमकी उचलतो, तेव्हा आपल्याकडच्या तिहाईनंतरच्या समेचा आनंद कितीतरी पटीने मिळतो.

त्यासाठी ताल हातावर धरायला शिकावे. मला तो शेजारच्या खुर्चीवरच्या एका वृद्ध मामींनी शिकवला. त्यांचा हात मांडीवर होता. आधी तळव्याची थाप, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, त्यानंतर थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात, असा आठ मात्रांचा आदिताल. माझे अनामिकेवर चुकले तेव्हा त्यांनी मंचावरची नजर न हलवता माझे बोट धरून योग्य जागी ठेवले. आमची भाषा एक नव्हती, पण त्या संध्याकाळनंतर गाणे मला वेगळेच ऐकू येऊ लागले.

रागांच्या नावांनी फसू नये. कल्याणी ऐकताना यमन आठवेल, मोहनम् ऐकताना भूप, हिंदोळम् ऐकताना मालकंस. परंतु तिकडच्या तोडीत स्वर आपल्या भैरवीचे असतात आणि गमकांमुळे (स्वरांना दिलेल्या आंदोलनांमुळे) तीही ओळखीची वाटत नाही.

मुक्काम चेन्नईतल्या मैलापूर भागातच करावा, म्हणजे बऱ्याच सभा जवळ पडतात. पहाटे उठून कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माडा रस्त्यांवर जावे. दारोदारी कोलम (तिकडची रांगोळी) रेखाटलेले असते आणि भजने गात फिरणारी मंडळी भेटतात. अकॅडमीतल्या सकाळच्या सप्रयोग व्याख्यानाला जमल्यास बसावे. दुपारी बहुतेक सभांत तरुण कलाकार गातात आणि ते बहुधा विनामूल्य असते. तिथे हवे तेवढेच ऐकून उठले तरी चालेल. संध्याकाळच्या तिकिटांची चौकशी मात्र कार्यक्रम जाहीर होताच करावी, कारण पुढच्या रांगा हंगामभराची तिकिटे घेणाऱ्यांकडे आधीच गेलेल्या असतात. सभागृहातल्या एसीसाठी शाल न्यावी, आणि सभेच्या कँटीनमध्ये केळीच्या पानावर एकदा तरी जेवावे.

शेवटच्या अर्ध्या तासात हलक्या रचना होतात. त्यांना 'तुक्कडा' म्हणतात आणि हा शब्द कानावर पडताच आपल्याला घरचा वाटतो. गायिका अरुणा साईराम यांनी या जागी अभंग लोकप्रिय केले आणि आज अनेक गायक ते गातात. यात उपरेपणा मुळीच नाही. तंजावरला १८५५पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांचे गाव तिरुवैयारू त्याच राज्यात होते आणि मराठी कीर्तनातल्या साकी, दिंडी, ओवी तिकडच्या हरिकथेत (गात सांगितल्या जाणाऱ्या देवकथांत) जाऊन मुरल्या. तमिळ श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात विठ्ठलाचे नाव येते आणि सगळे टाळ्यांवर ठेका धरतात, तेव्हा माझे डोळे दरवर्षी भरून येतात.

म्हणूनच परतीचे विमान रविवारी रात्रीचे घेऊ नये. अभंग उशिरा येतो आणि त्याच्यामागून मंगलम्. तोवर घड्याळात नऊ वाजून गेलेले असतात. सोमवारची अर्धी रजा टाकावी आणि सकाळच्या विमानाने निघावे.