गिरणीच्या आठवणींचं पुस्तक स्वतः काढताना: परवानग्या, करार आणि कागदपत्रं

सोलापूरच्या गिरणी कामगारांवरचं माझं पुस्तक मी स्वतःच प्रकाशित केलं. लिहिलं मी, खर्चही माझाच. पण त्यातला निम्मा ऐवज दुसऱ्यांचा होता. वडिलांना आलेली पत्रं, फोटो स्टुडिओत काढलेले ग्रूप फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती. यातलं नेमकं काय छापायचा मला हक्क आहे, हे आधी शोधायचं आणि मगच प्रेसची पायरी चढायची, असं मी ठरवलं. आमच्याकडे अशी पुस्तकं काढणारे बरेच आहेत, कोणी घराण्याचा इतिहास काढतं, कोणी गावाचा. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सोलापूरच्या कोर्टात वकिली करते. हस्तलिखित तिच्यासमोर ठेवलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो पत्रांचा. "बाई, ही पत्रं कोणाची?" म्हटलं, वडिलांच्या पेटीत सापडली, म्हणजे आमचीच. ती म्हणाली, कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. पत्र ज्याला येतं तो त्या कागदाचा मालक होतो, पण त्यातल्या शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, आणि तो गेल्यावर वारसांकडे जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि तो गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या मजकुरावर छापल्यापासून साठ वर्षं. ही पत्रं लिहिणारे वडिलांचे दोस्त काम सुटल्यावर भिवंडीला गेले होते, तिथल्या यंत्रमागांवर. त्यांच्या मुलाचा पत्ता लागला. त्याला पत्रांच्या झेरॉक्स पाठवल्या, कुठली छापायची त्यांवर खुणा केल्या. त्याने घरच्या एका भांडणाचा उल्लेख असलेलं पत्र वगळायला सांगितलं आणि बाकीच्यांना लेखी परवानगी दिली. त्याच्या बहिणींच्या सह्याही मी मागून घेतल्या, कारण हक्क सगळ्या वारसांचा असतो, एकट्या मुलाचा नाही.

फोटोंचं गणित मला सगळ्यात गुंतागुंतीचं वाटलं. पैसे देऊन स्टुडिओत फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा काही करार नसेल, तर कायदा फोटो काढून घेणाऱ्याला पहिला मालक मानतो. म्हणजे आमच्या घरचे फोटो आमचे. खात्यातल्या माणसांनी वर्गणी काढून घेतलेला ग्रूप फोटो त्या सगळ्यांचा. तिथे जे हयात आहेत किंवा ज्यांची मुलं भेटली त्यांच्याकडून मी ना हरकत घेतली. वर्तमानपत्रातला फोटो मात्र वेगळाच निघाला. माझी समजूत होती की पेपरच्या कचेरीतून चिठ्ठी आणली की काम झालं. कायदा सांगतो की पेपरच्या नोकरीतल्या माणसाने पेपरसाठी केलेल्या कामावर मालकाचा हक्क असतो तो वर्तमानपत्रात, नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी सगळ्या वापराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, ज्याने ते काम केलं त्याचाच. त्यामुळे संपावेळच्या मोर्च्याचा जो फोटो मला मुखपृष्ठावर हवा होता, त्याचा छायाचित्रकार कोण हे शोधणं भाग होतं. नाव छापलेलं नव्हतं, त्या काळातलं कोणी सांगू शकलं नाही. मी तो फोटो घेतला नाही. त्याच्या जागी वडिलांचा गिरणीचा पास छापला.

"दोन-चार ओळी घेतल्या तर चालतं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की तेच कायदा असावं असं वाटायला लागलं होतं. कायद्यात ओळींची, शब्दांची अशी कुठलीच सूट नाही. टीका, परीक्षण, संशोधन अशा कामासाठी वाजवी प्रमाणात उतारा घेता येतो. प्रकरणाच्या डोक्यावर शोभेला सिनेमाच्या गाण्याची ओळ टाकणं त्यात बसवणं कठीण. गाणं तर चार ओळींचंच असतं, त्यातल्या दोन घेतल्या म्हणजे निम्मं गाणं झालं. मी ती गाणी काढली आणि जात्यावरच्या ओव्या घेतल्या, माझ्या आत्याच्या तोंडून लिहून घेतलेल्या. परंपरेने आलेल्या ओवीवर कोणा एकाचा हक्क नसतो. मात्र कोणी मेहनतीने केलेल्या संग्रहातून ती जशीच्या तशी, टिपांसकट उचलायची नाही.

एका ठिकाणी कायद्याने हात मोकळा सोडलेला आहे, आणि सोलापूरवर लिहिणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग. न्यायालयाचे निकाल, कोर्टाने मनाई केलेली नसेल तर, कोणीही छापू शकतो. आपल्याकडे ‘जुनी मिल’ म्हणतात ती गिरणी, १८७७ सालची, १९४९ मध्ये बंद पडली आणि १९५० साली सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. चरणजित लाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा त्यातला निकाल आजही घटनेच्या अभ्यासात शिकवतात. आपल्या गावच्या गिरणीचं नाव त्या निकालात आहे हे गावातल्या किती मुलांना ठाऊक असेल? मी त्यातले उतारे मराठीत आणून परिशिष्टात दिले, कोणाच्याही परवानगीवाचून.

मुलाखतींसाठी मी एक साधा कागद तयार केला. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, खरं नाव द्यायचं की बदलून, फोटो छापायचा का, आणि हे सगळं छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ आणि अनुवाद या सगळ्यांत वापरायला परवानगी आहे का. हे शेवटचं कलम वकिलीणबाईंनी घालायला लावलं. उद्या कोणी तेलुगूत अनुवाद करायचं म्हटलं तर परत दारोदार फिरायला नको. आपल्या सोलापूरचा पूर्व भाग तेलुगू बोलणारा, तेव्हा हा कागद नुसता मराठीत नेऊन उपयोग नव्हता. शेजारच्या शिक्षिकेकडून तो तेलुगूत लिहून घेतला आणि प्रत्येक घरी मोठ्याने वाचून दाखवला.

दत्तनगर भागातल्या एका मामांच्या घरचा प्रसंग सांगायलाच हवा. मामा खाटेवर बसलेले, सूनबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, बोलता बोलता तिचे हात एकदाही थांबले नाहीत. कागद वाचून झाला. मामांनी बराच वेळ तो हातात धरला आणि विचारलं, "बाई, सही केली म्हून पेन्शन थांबत नाही ना?" मी म्हटलं, नाही मामा, पेन्शनचा ह्याच्याशी काही संबंध नाही, न आवडलं तर सही करू नका, मी तुमचं काहीच छापणार नाही. मग त्यांनी मला सांगितलेलं सगळं परत वाचायला लावलं. भावाच्या दारूची गोष्ट आली तसा त्यांनी हात वर केला. "माझं लिव्हा. भावाचं नको. त्याची पोरं हितंच ऱ्हातेत." मी त्यांच्यासमोर त्या परिच्छेदावर काट मारली, मग त्यांनी तेलुगूत सही केली. वाचून न दाखवता नुसती सही घेतली असती, तर कायद्याच्या दृष्टीने ती कदाचित चाललीही असती. माझ्या दृष्टीने नसती चालली. ज्या माणसांनी विश्वासाने घरातलं सांगितलं, त्यांना आपण नेमकं कशाला हो म्हणतोय हे कळलंच पाहिजे, यावर माझं मत ठाम आहे.

आता बदनामीचं. संपाच्या प्रकरणात एका पुढाऱ्याने मालकांकडून पैसे घेतले असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय दिवाणी दावा वेगळा. "लोक म्हणतात" असं लिहिल्याने सुटका होत नाही. ऐकीव बदनामी छापणं हीसुद्धा बदनामीच. "खरं आहे" एवढंही पुरत नाही, ते सिद्ध करता आलं पाहिजे आणि लोकहितासाठी सांगितलेलं असलं पाहिजे. माणूस हयात नाही म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही, घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने लिहिलं तर मृताची बदनामी कायद्यात धरलेली आहे. मी विचारलं, नाव बदललं तर? वकिलीणबाई म्हणाल्या, "बाई, खातं तेच, साल तेच, संप तोच. कन्ना चौकात कोणालाही विचारा, लगेच नाव सांगतील." वर्णनावरून माणूस ओळखू आला तर बदललेल्या नावाचा आडोसा मिळत नाही. माझ्याकडे ऐकीव बोलण्यापलीकडे पुरावा नव्हता. ते पान गेलं. कामगारांना त्या संपात काय भोगावं लागलं ते सगळं ठेवलं, कारण ते त्यांनी स्वतःचं सांगितलेलं होतं.

दुसऱ्या एका कामगाराबद्दल खटल्याची माहिती होती. तिथे सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा ऑटो शंकर प्रकरणातला निकाल उपयोगी पडला: कोर्टाच्या सार्वजनिक नोंदीत जे आहे ते संमतीशिवाय छापता येतं, त्यापलीकडचं खाजगी आयुष्य नाही. मी नोंदीपुरतं लिहिलं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मात्र नोंद असली तरी पीडितेची ओळख छापता येत नाही, हे लक्षात ठेवावं.

प्रकाशनासाठी एका पॅकेजवाल्या कंपनीचा करारही माझ्याकडे आला होता. पैसे माझे, आणि कलमं अशी: सगळ्या माध्यमांतले हक्क कायमचे कंपनीकडे, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, कंपनीच्या नावे, वाद झाला तर न्यायालय त्यांच्या शहरातलं. मी सही केली नाही. ज्यांना अशा कंपनीकडूनच काढायचं आहे त्यांनी कराराची मुदत आणि प्रदेश लिहूनच घ्यावा. लिहिलेलं नसेल तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरतो. पण "कायमचे" असं स्पष्ट लिहून त्याखाली तुमची सही असली, तर ह्या तरतुदीचा आधार उरत नाही.

आयएसबीएन मी माझ्याच नावाने घेतला. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखकालाही अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क नाही. तो विकत देणारे गावात भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. छापील पुस्तकाचा वेगळा, ई-बुकचा वेगळा.

मुखपृष्ठ केलेल्या मुलाकडून हक्क माझ्याकडे आल्याचा कागद सहीनिशी घेतला. नुसतं बिल पुरत नाही, हस्तांतर लेखी आणि सहीचंच लागतं. डीटीपीवाल्यांना फाँटचं विचारलं. त्यांच्या संगणकावरच्या फाँटची परवान्याची कागदपत्रं सापडेनात, तेव्हा सगळं पुस्तक मुक्त परवान्याच्या मुक्त या युनिकोड फाँटमध्ये लावून घेतलं. त्याचा फायदा असा की ई-बुकसाठी मजकूर परत टाइप करावा लागला नाही. भारताचा नकाशा घालायचा विचार होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तो विचार सोडला आणि गिरणगावाचा हाताने काढलेला नकाशा शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडून, त्यांच्या परवानगीच्या पत्रासह घेतला.

पुस्तकावर प्रकाशक-मुद्रकाची नावं आणि ठिकाणं छापायची सक्ती १८६७ च्या कायद्यात होती. तो कायदा १ मार्च २०२४ पासून गेला आणि नव्यातून पुस्तकं वगळली. मी तरीही सगळं छापलं. उद्या कोणाला माझ्याकडे तक्रार करायची असेल किंवा परवानगी मागायची असेल तर पत्ता सापडला पाहिजे.

१९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा मात्र लागू आहे आणि आमच्याकडे तो बहुतेकांना माहीत नसतो. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने चार प्रती पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः काढलं म्हणजे प्रकाशक आपणच. न पाठवल्यास दंड पन्नास रुपये आणि पुस्तकाची किंमत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मला तर हे काम सगळ्यात मोलाचं वाटलं. साचेखात्यात दुसऱ्याच्या जागी बदली म्हणून राबलेल्या कामगारांची नावं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात राहतील, ते पोस्टाच्या खर्चापेक्षा किती तरी मोठं आहे. एक प्रत आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयातही दिली, ती कायद्याने नव्हे, हौसेने.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्याबरोबर हक्क तयार होतोच. तरी मी पाचशे रुपये भरून अर्ज केला. अर्जानंतर तीस दिवस हरकतींसाठी थांबतात, मग तपासणी होते. ते प्रमाणपत्र कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतं. स्वतःलाच पोस्टाने हस्तलिखित पाठवून पाकीट न फोडता ठेवायचं, असं सांगणारे भेटतील. कायद्यात त्याला काही स्थान नाही.

सगळ्या परवानग्या एका फाइलमध्ये आहेत, पान क्रमांकानुसार, आणि स्कॅन करून मुलीकडेही ठेवल्या आहेत. आता प्रती संपत आल्या आहेत. तोच मजकूर परत छापला तर आयएसबीएन तोच राहतो. पण भिवंडीहून आणखी काही पत्रं आली आहेत, ती घातली की ती नवी आवृत्ती. तेव्हा नवा आयएसबीएन, आणि त्या पत्रांसाठी बहिणींच्या सह्या पुन्हा.