जुनी जोडी पुन्हा उभी करताना

लातूर

सोमवार

जुनं विनोदी नाटक त्याच दोघांना घेऊन परत काढायचं ठरलं की सगळे आधी जुनी कॅसेट शोधायला धावतात. कुणाच्या तरी माळ्यावर व्हीएचएस सापडते, बुरशी पुसून ती पेन ड्राइव्हवर येते आणि तालमीच्या पहिल्याच संध्याकाळी टीव्हीसमोर बैठक बसते. सगळे पोट धरून हसतात आणि नाटकाचं निम्मं नुकसान तिथंच होऊन जातं.

शूटिंग बहुतेक वेळा नाटक चांगलं मुरल्यावर होतं. तोवर दोघांनी पदरच्या वाक्यांची भर घातलेली असते, टाळीच्या जागा ताणून ठेवलेल्या असतात. ते पाहिल्यावर नट पात्र बाजूला ठेवतो आणि तरुणपणच्या स्वतःची नक्कल करायला लागतो. पंचावन्नाव्या वर्षी तिशीतल्या स्वतःची नक्कल बघवत नाही.

कॅसेट दिग्दर्शकानं एकट्यानं बघावी. हातात स्टॉपवॉच, मांडीवर संहिता. हशा कुठं आला, किती सेकंद टिकला आणि त्याच्या आधी दोघांपैकी कोण थांबलं होतं, एवढं समासात लिहावं. शेवटची नोंद सगळ्यांत कामाची. जोडीच्या विनोदात बोलतो एक, पण हशा पिकवतो बऱ्याचदा न बोलणारा. वीस वर्षांनी नेमकं हेच हरवलेलं असतं. वाक्यं दोघांनाही पाठ असतात, दुसऱ्यासाठी थांबायचं कुठं ते विसरलेलं असतं. म्हणून नटांच्या हाती संहितेची मूळ प्रत द्यावी. प्रॉम्प्टरच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं.

मंगळवार, उशिरा

काळाचं काय करायचं, हे वाचनाला बसण्याआधी ठरलं पाहिजे. मधल्या वर्षांना पात्रांच्या आयुष्यात जागा द्यायची की नाही?

पहिली वाट, काळ थांबवायची. भरत जाधव ‘सही रे सही’ २००२ पासून करतात. तिथं प्रेक्षक वय मोजत बसत नाही. एकच माणूस या दारानं जाऊन त्या दारानं दुसरा होऊन कसा येतो, यात तो गुंतलेला असतो. ज्या नाटकाची मजा युक्तीत आणि वेगात आहे, त्यालाच ही वाट झेपते.

दुसरी वाट, नटाचं वय वाढलं तेवढंच पात्राचंही वाढवायची. प्रशांत दामले आणि कविता लाड यांनी ‘एका लग्नाची गोष्ट’ नंतर २०१८ मध्ये ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ केलं, ते असं. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही हिंदी मालिका २००४ मध्ये स्टार वनवर आली, दोन वर्षांत संपली, आणि २०१७ मध्ये तीच मंडळी हॉटस्टारवर परतली तेव्हा मुलगा-सून साहिल-मोनिशाला मूल झालेलं होतं. सतीश शहा आणि रत्ना पाठक शहा यांची जुगलबंदी मात्र होती तशीच ठेवली. नवरा इंद्रवदननं डिवचायचं, बायको मायानं भुवई न हलवता उत्तर द्यायचं. परिस्थिती बदलली, पण कोण कुणाला टोचतं हे बदललं नाही, म्हणून ओळख पटली. २०२५ च्या ऑक्टोबरात सतीश शहा गेले. आता तिसरा भाग कुणी करायचा म्हटला तर तो याच घडणीवर उभा राहणार नाही.

तिसरी वाट, मागचा शेवट पुसून टाकायची. अमेरिकेतल्या ‘रोझॅन’ मालिकेच्या १९९७ च्या शेवटच्या भागात रोझॅनचा नवरा डॅन वारल्याचं सांगितलं होतं. २०१८ मध्ये तो जिवंत परतला आणि लेखकांनी पहिल्याच भागात त्यावर विनोद करून विषय मिटवला. ‘विल अँड ग्रेस’ २००६ मध्ये संपताना दोघांची मुलं मोठी झालेली दाखवली होती. २०१७ मध्ये ते सगळं त्यांची मैत्रीण कॅरन हिचं स्वप्न ठरलं. पुसायचंच असेल तर असं पहिल्या पाच मिनिटांत, हसत हसत पुसावं. मध्यंतरानंतर खुलासे करत बसलं की प्रेक्षक वकिलासारखा प्रश्न काढायला लागतो.

आपल्याकडच्या कौटुंबिक विनोदी नाटकाला दुसरी वाट बरी. फक्त एक काळजी: मधल्या वर्षांचा हिशेब संवादात देऊ नये. भिंतीवरचा फोटो, दाराशी वाढलेल्या चपला, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचणं, एवढ्यावर भागतं.

बुधवार

आज फक्त बोलीबद्दल. हा घोळ मुंबई-पुण्याच्या जोड्यांना फारसा नसतो, आपल्याकडं हमखास असतो.

नाटक लातूरकडच्या बोलीतलं. दोघांपैकी एकजण इथंच राहिलेला, दुसरा नोकरीपायी पुण्याला जाऊन घासून गुळगुळीत झालेला. वाचनाला बसले की पहिल्या पानावरच ‘काय करलालास?’ चं ‘काय करतोयस?’ होतं, ‘आल्ता’ चं ‘आला होता’. अर्थ तोच राहतो, पण समोरच्याचं उत्तर ज्या ठेक्यावर पडायचं तो ठेका जातो. ‘आल्ता का?’ वर ‘गेल्ता!’ हे टाळी देऊन घेतल्यासारखं बसतं. ‘आला होता का?’ वर बसत नाही.

यावर उपाय साधा. वाचनाचा पहिला अर्धा तास संहिता मिटून दोघांनी बोलीतच गप्पा माराव्यात, पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, काहीही. पुणेकरानं दिवसातून एक फोन गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाला लावावा. आठवड्यात जीभ वळते. उलटा धोकाही आहे. बोली विसरल्याच्या भीतीनं नट ती दुप्पट लावतो, जिथं तिथं ‘कामून’ (का) आणि ‘मपलं’ (माझं) पेरतो. बीडकडचं मपलं आणि लातूरकडचं करलालास एकाच तोंडात आलं की अंबाजोगाईच्या प्रेक्षकालाही ते लगेच खटकतं. लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये बावन्न पात्रं होती आणि प्रत्येकाचं बोलणं वेगळं कळायचं. आपल्या भागातल्या प्रेक्षकाचा कान त्या तोडीला तयार झालेला आहे, त्याला गृहीत धरू नये.

गुरुवार

पाठांतर. जुनी वाक्यं खुर्चीवर बसून आठवत नाहीत, उभं राहिलं की आपोआप येतात. सोफ्याकडं वळताना जे बोलायचं ते वळलं की तोंडात येतं, कारण शब्द हालचालीला चिकटून राहिलेले असतात. यामुळं पहिल्या आठवड्यात सगळे खुश असतात: अहो, सगळं पाठच आहे! अडचण येते ती संहितेत काटछाट केल्यावर. नव्या प्रतीत वाक्य कापलेलं असतं, पण नट सोफ्याकडं वळतो आणि कापलेलं वाक्य ठणठणीत बाहेर पडतं. समोरच्याची पुढची ओळ मग अधांतरी. प्रयोगात ताण वाढला की हे हटकून होतं, तालमीत कितीही घोटलेलं असो.

म्हणून कापायचं तर सबंध तुकडा कापावा, वाक्याच्या मधून नाही. आणि जिथं संवाद बदलला तिथं हालचालही बदलावी. पूर्वी सोफ्याकडं जात होता तर आता खिडकीकडं न्यावा. नवी वाट, नवं वाक्य. तालमीला अडीच तास असतील तर पहिला तास फक्त या बदललेल्या जागांना द्यावा. जुन्या जागा स्वतःच्या पायावर उभ्या असतात.

दमाचं गणित वेगळं. तिशीत एका दमात फेकलेलं सात ओळींचं वाक्य आता मधे श्वास मागतं. नट जिथं जमेल तिथं श्वास घेतो आणि बहुतेक वेळा तो विनोदाच्या शब्दाच्या अगदी आधी पडतो. प्रेक्षकाला पुढचं कळून जातं आणि हशा फुसका होतो. श्वासाची जागा दिग्दर्शकानं पेन्सिलीनं दाखवावी, विनोदाच्या शब्दाच्या आधी किमान एक पूर्ण वाक्यांश सोडून. त्या जागी जोडीदाराला काहीतरी द्यावं: पानाचा डबा उघडणं, चष्मा पुसणं, नुसतं ‘हं’. प्रेक्षक त्याच्याकडं बघतो, तेवढ्यात पहिल्याचा दम भरतो. हे जमलं की जुन्या प्रयोगापेक्षा जागा सरस होते, कारण पूर्वी जे एकट्याचं भाषण होतं ते दोघांचं होतं.

पळापळीचंही तसंच. सोफ्याभोवती तीन फेऱ्या आता नकोत. एकानं एक फेरी मारावी, दुसऱ्यानं उलट बाजूला शांत उभं राहून तो येण्याची वाट बघावी. जमिनीवर पडायचं ते सोफ्यावर पडावं. गुडघ्यावर बसायचं असेल तर पायजम्याच्या आत नी-पॅड, आणि उठताना हात टेकायला सेटवर जड वस्तू. फोल्डिंगचं टेबल नको, ते नटासकट जातं.

शनिवार

सेटमध्ये जपायची असतात ती पावलं. दारापासून सोफ्यापर्यंत सात पावलांत तीन वाक्यं संपत असतील, तर रंगमंच कितीही रुंद मिळो, अंतर सात पावलंच ठेवावं. तालुक्याच्या सभागृहात बसवलेलं नाटक संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात किंवा नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात नेताना नेपथ्यवाला सगळं मोकळं मांडतो, दिसायला छान दिसतं आणि अकरा पावलं होतात. चार पावलं मुकी जातात. तालमीच्या फरशीवर दार, सोफा, टेलिफोन यांच्या जागा चिकटपट्टीनं आखाव्यात आणि ती मापं वहीत सेंटिमीटरमध्ये लिहून सोबत न्यावीत. ‘विल अँड ग्रेस’वाल्यांचं या बाबतीत नशीब थोर. त्यांचा फ्लॅटचा सेट बोस्टनच्या एमर्सन कॉलेजात जपून ठेवलेला होता, तो परत आणता आला.

कपड्यांत रंग तोच ठेवून माप नवं शिवावं. जुना शर्ट ओढूनताणून घातला की नट तीन तास पोट आत ओढून असतो आणि आवाज गळ्यातून निघतो. पादत्राणं मात्र शक्यतो त्याच जातीची, कारण चाल टाचेतून येते. केसांना काळा कुळकुळीत कलप नको. एलईडीच्या पांढऱ्या प्रकाशात तो निळसर, टोपीसारखा दिसतो. कानशिलं पांढरी राहू द्यावीत. जुने हॅलोजनचे स्पॉट पिवळट होते, चेहऱ्याला माया देत. एलईडी असतील तर उबदार रंगावर, सुमारे ३२०० केल्व्हिनवर आणावेत. चेहऱ्यावरचा रंगाचा लेप, पॅनकेक, पातळ. जाड थर सुरकुत्यांत साचतो आणि मध्यंतरापर्यंत भेगा पडतात, मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये तर पहिल्या अंकातच.

इथं ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आठवते. २००१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा दिलीप प्रभावळकर त्यातल्या आजोबांपेक्षा, आबांपेक्षा, बरेच तरुण होते. आबांचं म्हातारपण त्यांनी रचलेलं होतं, चालीसकट. अशी रचलेली भूमिका नटाचं खरं वय तिथं पोचल्यावर कुणी परत करायची ठरवली, तर मोह होईल की आता रंगभूषा कमी, नुसतं चालत या. तसं करू नये. लोकांना ओळखीची असते ती रचलेली चाल. नटाची खरी चाल त्यांनी कधी पाहिलेलीच नसते.

रविवार

पहिल्या एन्ट्रीला टाळ्या पडतात, आठ-दहा सेकंद, कधी जास्त. त्या टाळ्यांत बोललेलं वाक्य गेलं म्हणून समजावं. एन्ट्रीच्या पहिल्या वाक्यात कथेची माहिती ठेवू नये. नटाला हाताला काम द्यावं: पिशवी खुंटीला लावणं, चपला काढून सरळ करणं. टाळ्या लांबल्या तर एक चप्पल उलटी पडलेली असतेच. जोडी समोरासमोर येते तेव्हा दुसरी टाळी. तिथंही हेच. हशा मात्र पूर्ण विझू द्यायचा नाही. चढून उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, नाहीतर सभागृह थंड पडतं.

पेटंट वाक्य सगळ्यांना पहिल्या दहा मिनिटांत हवं असतं. देऊ नये. पहिल्या अंकाच्या उत्तरार्धात सुरू करावं आणि जोडीदारानं ते तोडावं. पूर्ण वाक्य दुसऱ्या अंकात, एकदाच. प्रेक्षकांतून कुणी आधीच ओरडून म्हटलं तर नटानं परत म्हणू नये, त्या दिशेला नुसतं बघावं. त्या बघण्याला वाक्यापेक्षा मोठा हशा येतो.

मूळ संचातलं कुणी वारलेलं असतं, कुणी यायला तयार नसतं. अमेरिकेतली ‘फ्रेझर’ मालिका २०२३ मध्ये परत आली तेव्हा वडिलांचं काम करणारे जॉन महोनी २०१८ मध्येच गेले होते, आणि भाऊ नाइल्सचं काम करणारे डेव्हिड हाइड पिअर्स आले नाहीत. लेखकांनी तोतया उभा केला नाही. फ्रेझरलाच वडिलांच्या जागी सरकवला आणि समोर त्याचा मुलगा ठेवला; पूर्वी जी कटकट तो सोसायचा, ती आता तो करतो. कल्पना पक्की होती, तरी मालिका दोन सीझनवर थांबली; माझ्या मते भावा-भावांची जुगलबंदी भरून निघाली नाही. ‘खिचडी’च्या २०१० च्या चित्रपटात जयश्रीचं काम दुसऱ्या अभिनेत्रीनं केलं आणि २०२३ च्या चित्रपटात वंदना पाठक परतल्या. बाजूच्या पात्रात अशी बदली खपून जाते. मुख्य जोडीतला एक नसेल तर नाटक काढू नये, हे माझं मत. गेलेल्याचा उल्लेख पहिल्या काही मिनिटांत, एका वाक्यात, पात्राच्या नावानं करावा आणि लगेच त्यावर जोडीदाराची नेहमीची कुरबुर. नाहीतर प्रेक्षक दोन अंक तो कधी येतो याची वाट बघतो.

कागदपत्रांचं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. संहितेत बदल केले असतील तर बदललेली प्रत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं द्यावी लागते, जुन्या प्रमाणपत्रावर भागवू नये. लेखकाची लेखी परवानगी लागते. लेखक हयात नसतील तर वारसांची, कारण स्वामित्वहक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. मानधनाचा आकडा त्याच पत्रात यावा.

रंगीत तालमीला जुने चाहते बोलावू नयेत. ते एन्ट्रीलाच हसतात, त्यांच्या हशावरून काहीच कळत नाही. मूळ नाटक न पाहिलेली, कॉलेजातली दहा-पंधरा पोरं बसवावीत आणि संपल्यावर दोनच गोष्टी विचाराव्यात: या दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे, आणि ते तुम्हाला कितव्या प्रवेशात कळलं. उत्तर पहिल्या प्रवेशाच्या पुढं गेलं, तर सुरुवातीची पानं परत लिहायला बसावं.