नवा स्पीकर, जुना आवाज

"काहीतरी घासतंय बघ," नाना बाहेरच्या खोलीतून म्हणाले. मी गिटारची सर्वांत जाड तार नुसती छेडली होती.

नानांची ४५ वर्षं यंत्रमागावर गेली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये १६ माग एकाच वेळी धडाडत असायचे, आणि त्यातल्या कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय हे त्यांना दारातूनच कळायचं. त्यामुळे ते घासतंय म्हणाले, की घासत असणारच.

मी पलंगावरची चादर जमिनीवर अंथरली, ॲम्प तिच्यावर पालथा घातला, मागची फळी काढली आणि स्पीकर सोडवून घेतला. स्पीकरच्या कागदी कोनावर समोरासमोर दोन्ही हातांची बोटं ठेवून हलकेच दाबलं. अर्ध्यावर गेल्यावर खर्र. पॉलिशपेपर लाकडावरून एकदाच ओढावा तसा बारीक आवाज. चुंबकाच्या ज्या अरुंद फटीत कोनाला चिकटलेली तारेची कॉईल मागेपुढे होते, तिथे ती मधोमध राहिली नव्हती. कडेला टेकत होती.

माझा ॲम्प १५ वॅटचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा. दोन ईएल-८४ व्हॉल्व्ह आणि १२ इंची एकच स्पीकर. सेकंडहँड घेतलेला, आणि मला फार जवळचा. दिवसभर चादरी-टॉवेलांची जकार्ड डिझाइनं करायची आणि रात्री जेवणानंतर तासभर त्याच्यासमोर बसायचं, असा माझा सहा वर्षांचा नेम आहे.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. इथल्याच एका दुकानात स्पीकर दुरुस्तीला दिला. मिरवणुकीच्या साउंडची कामं तिथे सतत चालतात. चार दिवसांत नवा कोन, नवी कॉईल घालून मिळाला. मीटरवर ६.३ ओहम दाखवलं, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरला अगदी बरोबर; मीटर लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमीच दाखवतो. घासणं गेलं होतं. पण पहिली कॉर्ड वाजवली आणि माझा जीव खट्टू झाला. आवाज मोठा, स्वच्छ, आणि त्याच्यावर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी चर्रचर्र. गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, थोडा वाढवला की ऐकवेना. नीट पाहिलं तेव्हा कळलं: कडेला कागदाच्या चुण्यांऐवजी कापड, मध्ये चकचकीत धातूची टोपी. डीजेच्या स्पीकरचा कोन माझ्या ॲम्पमध्ये बसला होता.

घरात गाणी ऐकायच्या स्पीकरने जे येईल ते जसंच्या तसं द्यावं. गिटारच्या स्पीकरचं तसं नसतं. तो साधारण ७५ हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंतच नीट बोलतो, त्याच्यावर झपकन उतरतो, आणि ते उतरणं फार गरजेचं आहे. व्हॉल्व्हचा आवाज फाटायला लागला की वरच्या पट्टीत जो कचरा तयार होतो, तो हा कागद गाळून टाकतो. तबल्याला पुडी बसवताना कुणी दुसऱ्याच वाद्याचं कातडं ताणत नाही. स्पीकरही वाद्याचाच भाग आहे, हे मला तेव्हा पटलं.

मग मी जुन्या धाटणीचा नवा स्पीकर शोधायला लागले. खरेखुरे साठच्या दशकातले स्पीकर मिळतात, पण त्यातल्या कितींचे कागद मधल्या काळात बदललेत ते बाहेरून कळत नाही. आजच्या कारखान्यातला, पण त्या काळच्या आराखड्यावर बनवलेला हवा होता.

इथे दोन घराणी आहेत, अमेरिकी आणि इंग्रजी. अमेरिकी बाजूला जेन्सन. मूळ कंपनी शिकागोची, आजचे पुनर्निर्मित स्पीकर इटलीत बनतात. त्यांची नावं वाचायला शिकलं की अर्धं काम होतं: पी म्हणजे अल्निको चुंबक, सी म्हणजे सिरॅमिक, पुढचा १२ म्हणजे इंच. इंग्रजी बाजूला सेलेशन. त्यांचा अल्निको ब्लू वॉक्सच्या एसी-३० ॲम्पमुळे गाजला. साठच्या दशकाच्या मध्यात आलेला, मागे हिरवं प्लॅस्टिकचं टोपण असलेला ग्रीनबॅक मार्शल या ॲम्प कंपनीच्या चार-चार स्पीकरच्या पेट्यांमधून जगभर ऐकला गेला. सेलेशनच्याच व्हिंटेज ३० चं नाव ऐकून, जुना समजून, मी फसणार होते. तो १९८६ चा आहे आणि चांगला ६० वॅट झेलतो.

अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट. सिरॅमिक स्वस्त म्हणून ते आधीच पुढे आलं होतं. त्यात १९७८ च्या सुमाराला झैरेमधल्या (आजचं काँगो) लढाईमुळे कोबाल्टचे भाव भडकले आणि अल्निको आणखी मागे पडला. आजही ब्लूची किंमत ग्रीनबॅकच्या जवळपास दुप्पट पडते. शिवाय ब्लू झेलतो फक्त १५ वॅट. १५ वॅटचा ॲम्प पूर्ण उघडला की १५ च्या वर जातो, म्हणजे माझ्याकडे त्याची कॉईल कायम टांगणीला. मोह होता, तरी तो मी सोडला.

कागदावरचे आकडे वाचून कान भरत नाहीत. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने ॲम्प घेऊन पुण्याला गेले. ओळखीच्या एका वादकाकडे वेगवेगळे स्पीकर घातलेल्या तीन पेट्या होत्या. ॲम्प बंद करायचा, वायर बदलायची, पुन्हा चालू करायचा, असं दुपारभर चाललं. (व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.) बटणं तीच, बोटं तीच, ए मायनरची तीच कॉर्ड.

अल्निको जेन्सनवर वरच्या तारा घंटेसारख्या सुटत होत्या. नुसतं स्वच्छ वाजवणाऱ्याने डोळे झाकून तोच घ्यावा. व्हिंटेज ३० आवाज पुढे ढकलत होता. ढोलकी, कीबोर्ड, गायक या सगळ्यांतून वाट काढायची असेल तर उपयोगी, पण बंद खोलीत माझ्या कानाला टोचला. ग्रीनबॅकवर जाड तार थोडी सैल, मऊ लागली आणि मधला भाग लाकडासारखा भरीव. जोरात छेडलं की आवाज फुटायच्या आधी किंचित दबायचा आणि मग उमलायचा. त्या दबण्यासाठीच मी एवढ्या लांब आले होते.

ग्रीनबॅकची संवेदनशीलता ९८ डेसिबल, व्हिंटेज ३० ची १००. दोनच डेसिबल, पण तेवढाच आवाज काढायला ग्रीनबॅकला सुमारे दीडपट वीज लागते. साखर पेठेत भिंतीला भिंत लागून घरं आहेत आमची. व्हॉल्व्ह तापून रंगात यावेत आणि शेजारच्या काकूंची झोपही मोडू नये, यासाठी कमी जोराचाच स्पीकर हवा. ग्रीनबॅकचे २५ वॅट मला पुरतात.

मागवताना मी एकच गोष्ट तीनदा तपासली: आठ ओहम. हाच स्पीकर १६ मध्येही येतो. खोकं आल्यावर पेन्सिल सेलच्या दोन टोकांना वायरी टेकवल्या. टप् असा आवाज करून कागद पुढे उडाला, म्हणजे प्लस-मायनस बरोबर. मागचं चुंबक ट्रान्सफॉर्मरला लागत नाही ना, हे पुठ्ठ्याची पट्टी घालून पाहिलं. बोटभर जागा होती. स्क्रू एकामागून एक न आवळता समोरासमोरचे, थोडेथोडे. एकाच बाजूने आवळत गेलं की पत्र्याची चौकट पिळते आणि कॉईल पुन्हा कडेला जाते.

पहिला आठवडा आवाज आखडलेला होता. नव्या कागदाची कड आणि आतली जाळी सैल व्हायला वेळ लागतो. मी रोजच्या तासाचे दोन तास केले. तिसऱ्या आठवड्यात जाड तारेला पुण्यात ऐकलेला मऊपणा आला.

शेडमध्ये मागाचा पट्टा बदलला की नाना फ्रेमवर खडूने तारीख टाकायचे. मागची फळी लावण्याआधी मीही आतल्या लाकडावर खडूने तारीख लिहिली, आणि खाली: ८ ओहम, २५ वॅट.