तुम्ही विचारलंत म्हणून: कोलिनीतला तो कायदा खरा होता का?

पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, बी 1 (भाषेची मधली पातळी) किती महिन्यांत होईल. दुसरा, मॅडम एखादा चांगला जर्मन थ्रिलर सांगा ना. पहिल्याचं उत्तर मी टाळते, दुसऱ्याचं ठरलेलं आहे, ‘डेर फाल कोलिनी’, म्हणजे ‘कोलिनी खटला’, हा सिनेमा बघा. मग आठवडाभरात त्याच माणसाचा मेसेज येतोच, की मॅडम, तो शेवटी येणारा कायदा खरंच होता का हो, का सिनेमावाल्यांनी घुसवलाय? इतक्या वेळा टाइप करून झालंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. पुढे सगळं फुटणार आहे, सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.

तर, होता. खरा होता. तारखेसकट.

गोष्ट थोडक्यात अशी. 2001 सालचं बर्लिन. फाब्रित्सिओ कोलिनी नावाचा वयस्क इटालियन माणूस, सगळी हयात जर्मनीत कष्ट करण्यात गेलेली, एका बड्या हॉटेलात जातो आणि हान्स मायर नावाच्या म्हाताऱ्या उद्योगपतीला गोळ्या घालतो. पळून जात नाही, तिथेच बसतो. का मारलंस, तर एक शब्द बोलत नाही. त्याला सरकारकडून जो वकील मिळतो तो कास्पार लाइनन, नवाकोरा, पहिलीच मोठी केस, आणि केस घेतल्यावर पठ्ठ्याला कळतं की मेलेला मायर म्हणजे ज्याच्या घरात आपण लहानाचे मोठे झालो तोच. समोर मायरच्या कुटुंबाच्या बाजूने उभा आहे मॅटिंगर, ज्याच्याकडून लाइनन कायदा शिकला. खुनाचं पिस्तूल वॉल्थर पी 38, म्हणजे युद्धात जर्मन सैन्याकडे असायचं ते, आणि त्या धाग्यावरून गोष्ट जाऊन पोचते 1944 च्या इटलीत. पार्टिझन, म्हणजे जर्मनांविरुद्ध लपून लढणाऱ्या लोकांनी जर्मन मारले म्हणून बदला म्हणून वीस माणसं गोळ्या घालून मारली, हुकूम देणारा नाझींच्या एसएस दलाचा अधिकारी मायर, मेलेल्यांत कोलिनीचा बाप. मायर आणि कोलिनी ही माणसं काल्पनिक आहेत हं, पण असली प्रकरणं इटलीत ढिगाने झाली. रोममध्ये 24 मार्च 1944 ला आर्देआतीनेच्या खाणींमध्ये 335 जण मारले, ते असाच बदला म्हणून.

एवढं सगळं कळल्यावर आपल्याला वाटतं झालं, रहस्य उलगडलं, सूड होता. पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) इथून पुढे आहे. कोलिनीने आधी साठच्या दशकात रीतसर तक्रार केलेली असते आणि ती फेटाळली गेलेली असते. कारण? खटला भरायची मुदत संपली.

इथे आमच्या वर्गात हमखास कोणीतरी म्हणतंच, खुनाला कसली मुदत मॅडम, खून काय दूध आहे का एक्सपायर व्हायला. बरोबरच आहे, आपल्याकडे तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच मुदत असते, खुनाला नाहीच, त्यामुळे आपल्याला ही कल्पनाच पचत नाही. जर्मनीत तेव्हा खुनालाही होती. याला जर्मनमध्ये शब्द आहे फेरयेरुंग, त्यात यार म्हणजे वर्ष लपलंय, वर्षं लोटून लोटून गुन्हा विझतो असं काहीतरी. नाझींचे खून असे विझायला आले की दरवेळी संसदेत खडाजंगी व्हायची, 1965 ला झाली, 1969 ला झाली, आणि शेवटी 1979 मध्ये खुनाची मुदत कायमचीच काढून टाकली.

म्हणजे पुढच्या दारावर सगळा देश पहारा देत होता. आणि मागचं दार 1968 मध्येच उघडून झालेलं होतं.

त्या कायद्याचं नाव ऐका, आइनफ्युरुंग्सगेझेत्स त्सुम गेझेत्स युबर ओर्डनुंग्सविड्रिशकाइटन. किरकोळ नियमभंगांच्या कायद्याची अंमलबजावणी करणारा कायदा, म्हणजे पार्किंगचा दंड वगैरे छाप. असल्या नावाचं बिल कोण वाचणार? मे 1968 मध्ये ते बिनबोभाट पास झालं आणि 1 ऑक्टोबरला लागू झालं. त्यात दंडसंहितेच्या कलम 50 मध्ये एक छोटासा बदल होता, की मुख्य गुन्हेगाराच्या मनात जो खास हेतू होता तो मदतनिसाच्या मनात नसेल, तर मदतनिसाची शिक्षा कमी करायची. आधी कमी करता यायची, आता करायचीच. ऐकायला किती न्याय्य वाटतं ना? पण त्या काळची जर्मन कोर्टं मुख्य खुनी कोणाला मानायची, तर हिटलर, हिमलर, हायड्रिश अशा वरच्यांना. त्यांच्या खालचे बरेचसे साहेब, अगदी ऑफिसात बसून माणसं मारायला पाठवणारेसुद्धा, मदतनीस. तो खास हेतू, म्हणजे इथे वंशद्वेष, त्यांच्या स्वतःच्याही मनात होता हे सिद्ध करा, नाही झालं तर शिक्षा कमी, म्हणजे जन्मठेप गेली आणि जास्तीत जास्त पंधरा वर्षं उरली, आणि कमाल शिक्षा पंधरा वर्षं म्हटली की मुदतसुद्धा पंधरा वर्षं, ती मोजायची युद्ध संपल्यापासून, म्हणजे 8 मे 1960 ला संपली. कायदा आला 1968 ला, मुदत संपली 1960 ला. समजलं का? त्या लोकांचे गुन्हे आठ वर्षांपूर्वीच विझलेले होते, फक्त ते कोणाला माहीत नव्हतं. मे 1969 मध्ये सर्वोच्च कोर्टानेही हो म्हटलं आणि बर्लिनमध्ये नाझींच्या सुरक्षा मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांवर चाललेली भली मोठी चौकशी कोसळली.

हे काम ज्याच्या देखरेखीखाली झालं तो न्याय मंत्रालयातला अधिकारी एडुआर्ड ड्रेहर. हाच ड्रेहर नाझी काळात इन्सब्रुकच्या विशेष कोर्टात सरकारी वकील होता आणि क्षुल्लक गुन्ह्यांसाठीही फाशी मागायचा. युद्धानंतर तो मंत्रालयात आला, दंडसंहितेवर भाष्य लिहिलं आणि पुढे कित्येक वर्षं वकील लोक तेच पुस्तक उघडून बसायचे. त्याने हे मुद्दाम केलं का? संशय दाट आहे, पक्का पुरावा नाही, इतिहासकारांचं एकमत नाही. आणि सगळेच सुटले असंही नाही, खून क्रूरपणे किंवा दगा देऊन केला असेल तर मदतनिसावरही खटला चालू शकत होता, म्हणून तर 2022 मध्ये छळछावणीत टायपिस्ट असलेल्या सत्त्याण्णव वर्षांच्या बाईला इत्सेहोच्या कोर्टाने दोषी ठरवलं. टायपिस्ट सापडली, साहेब सुटले. सिनेमात हे सगळे बारकावे येत नाहीत, तिथे कायदा म्हणजे एकदम व्हिलन आहे.

मूळ कादंबरी 2011 ची, लेखक फर्डिनांड फॉन शिराख. हा स्वतः बर्लिनमधला फौजदारी वकील, आणि आडनाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर, याचे आजोबा बाल्डुर फॉन शिराख हिटलर युथचे प्रमुख होते, युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर जो खटला चालला त्यात त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली होती. ज्याच्या मांडीवर खेळलो तो माणूस कोण निघाला, हा लाइननचा प्रश्न लेखकाने कुठून आणला हे वेगळं सांगायला नको. जानेवारी 2012 मध्ये जर्मन न्याय मंत्रालयाने स्वतःचाच इतिहास तपासायला समिती नेमली, त्यात या कादंबरीचा वाटा होता असं मानतात. 2016 मध्ये अहवाल आला, 1949 ते 1973 मधल्या तिथल्या 170 वरिष्ठ कायदेतज्ज्ञांपैकी 90 जण पूर्वी नाझी पक्षाचे सदस्य होते. निम्म्याहून जास्त!

आता सिनेमा. 2019 चा, दिग्दर्शक मार्को क्रॉइत्सपाइंटनर. कोलिनी झालाय फ्रँको नेरो, आणि तो बराच वेळ नुसता बसून असतो तरी नजर त्याच्यावरून हलत नाही. लाइनन झालाय एलियास म'बारेक, आमच्या पोरांना तो शाळेच्या कॉमेडीतला वात्रट मास्तर म्हणून माहीत, त्यामुळे पहिली दहा मिनिटं वर्गात खुसखुस चालते. सिनेमात लाइननला तुर्की आईचा मुलगा केलाय, कादंबरीत तसं नाही, पण मला ते पटलं, उपकाराचं ओझं जास्त जड होतं त्याने. म्युझिक मात्र फार आहे, जिथे गप्प बसायला हवं तिथे व्हायोलिनं सुरू. कादंबरी याच्या बरोब्बर उलट, दोनशे पानांच्या आतली, छोटी कोरडी वाक्यं, बी 1 झालेल्याला डिक्शनरी घेऊन जमेल. म्हणून आधी पुस्तक की आधी सिनेमा असं विचाराल तर आधी पुस्तक.

माझ्या वर्गात मात्र आधी दोन्ही नाही. बी 2 च्या बॅचला मी त्या 1968 च्या कलमातलं एकच वाक्य फळ्यावर लिहून देते, कुठलं आहे ते सांगत नाही. व्याकरणासाठी सोन्यासारखं वाक्य आहे. ‘जर’ हा शब्दच नाही, क्रियापद थेट सुरुवातीला, फेलन, म्हणजे नसतील तर, मग मधे एक लांबलचक उपवाक्य, आणि अगदी शेवटी त्सु मिल्डर्न, सौम्य करावी. पंधरा मिनिटं देते. मुलं उपवाक्याखाली रेघ मारतात, क्रियापदाला गोल करतात, मराठी करून आणतात, बहुतेकांचं बरोबर असतं. कोणाला काही शंका, मी विचारते. नाही मॅडम. मग मी दिवे बंद करून सिनेमा लावते.