मारका कोंबडा : मिरगापासून दिवाळीपर्यंत

माणसांवर धावून येणारा आमचा कोंबडा शेंदऱ्या अजून आहे. आधी श्रावण आडवा आला, मग चवथ, आणि तेवढ्यात त्याने जरा बरी लक्षणं दाखवली म्हणून त्याची शागुती, म्हणजे रस्सा, करायचा बेत मागे पडला. शेजारच्या मावशीला हे बिलकूल पटलेलं नाही. भिंतीवरून डोकावून ती मधूनच विचारते, "आसा मगो तो तुजो कोंबो?"

ज्यांना आमचा गोतावळा माहीत नाही त्यांच्यासाठी: गोव्यात डिचोली तालुक्यात कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, लागून परसू, चिऱ्यांची कंबरेएवढी भिंत, थोड्या ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या, बाकीच्या गावठी, मिळून दहा कोंबड्या आणि हा एक कोंबडा. आठ-दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण ठीक मानतात, त्यामुळे तिथे काही बिनसलेलं नाही. एकीच्याही पाठीवरची किंवा डोक्यामागची पिसं उडालेली नाहीत. घार दिसली की हा पहिला ओरडतो, दाणा सापडला की टुकटुक करून आधी कोंबड्यांना बोलावतो. कोंबडा म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्याचं वाकडं आहे ते फक्त माणसांशी. पिल्लू असताना पुतण्याने त्याला मांडीवर वाढवला, त्यामुळे माणसाचा धाक असा त्याला बसलाच नाही. पाच-सहा महिन्यांचा झाला, अंगात नर शिरला आणि आम्ही सगळे त्याच्या लेखी वाटेकरी ठरलो.

मिरगाच्या पावसात गोष्ट हाताबाहेर गेली. एरवी कुळागरभर फिरणारा कळप मांडवाखाली अडकून पडला, आणि दाण्याची बादली घेऊन मी तिथे शिरले की बाई आपल्या राज्यात घुसली अशीच त्याची समजूत. पोटरीवर त्याच्या पायामागचा काटा बसला तेव्हा कळलं की जखम दिसते टिकलीएवढी आणि जाते खोल. साबणाने भरपूर धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. घरात लहान मूल असेल तर इथे पोटरीच्या जागी डोळा धरून विचार करा.

तेव्हापासून गमबूट घालते आणि हातात सूप ठेवते. सूप मारायला नाही, गुडघ्यापुढे धरायला. याआधी घरात दोनच उपाय चालू होते: पळणं आणि लाथ घालणं. पळालं की त्याच्या हिशेबी तो जिंकतो, आणि जिंकलेला डाव कोण सोडतो? लाथ घातली की समोरच्याने झुंज पत्करली असा अर्थ तो घेतो, आणि पुढच्या वेळी जास्त तयारीने येतो.

हल्ला कधीच आभाळातून पडत नाही. आधी तो तिरका उभा राहतो आणि एका डोळ्याने बघतो. मग एक पंख खाली सोडतो, इतका की पिसांची टोकं जमिनीवर खरडतात, आणि बारीक पावलं टाकत अर्धा फेर धरतो. हाच नाच तो कोंबडीपुढेही करतो, म्हणून नवीन माणसाला वाटतं की किती लाडात आलाय. तेवढ्यात खाली मान घालून तो काहीतरी टिपल्यासारखं करतो. टिपत काहीच नाही, चोच मातीत आणि डोळा माझ्यावर. मानेची पिसं छत्रीसारखी उघडली की मग उडी. पंख खाली आल्यापासून उडीपर्यंत दोन-तीन श्वास मिळतात, आणि सगळं काम तेवढ्यात उरकायचं असतं.

काम म्हणजे काय, तर काही न करणं. मी त्याच्याकडे तोंड करून, सूप पुढे धरून उभी राहते. मागे सरायचं नाही आणि पाठ तर दाखवायचीच नाही. उडी आली तर सुपावर आपटते. पुन्हा येतो, पुन्हा आपटतो. मग एक क्षण असा येतो की तो मान वळवून दुसरीकडेच बघतो, जणू त्याचं काही नव्हतंच. त्यानंतरच मी सावकाश एक पाऊल पुढे टाकते. तो बाजूला झाला की दाणा टाकते, तोही माझ्यापासून लांब, म्हणजे कोंबड्यांना बोलावण्याचा मान त्यालाच मिळतो. हातावर दाणा कधीच नाही. आणि तो कोंबडीवर चढलेला असताना मध्ये पडायचं नाही, तिथून मुकाट निघून जायचं.

काखेत धरून अंगणभर फिरवायचा उपाय बरेच जण सांगतात. व्हिडिओत छान दिसतो. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी हा दुप्पट तापलेला, म्हणून मी तो सोडून दिला. ज्यांना लागू पडला त्यांच्याशी माझं भांडण नाही.

काट्यांचं मात्र सगळ्यांनी करावं. वरून नखासारखं कवच आणि आत जिवंत हाड, त्यात रक्त खेळतं, म्हणून मुळाशी कापायचं नाही, टोक फक्त बोथट करायचं. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, तेव्हा रात्री खुराड्यातून काढला की हाच राक्षस गोणपाटात गुपचूप पडून राहतो. खोबरेल चोळलं, नवऱ्याने पाय धरले आणि मी बारीक कानशीने हळूहळू घासलं. कवचाची पांढरट भुकटी पडत राहते, रंग गुलाबी वाटू लागला की थांबायचं. गरम बटाटा खोचून अख्खं कवच पिळून काढायची एक युक्ती ऐकिवात आहे. कृपा करून करू नका, खालचं उघडं हाड भयंकर दुखतं. घासताना त्याचे पिवळे पाय टॉर्चच्या उजेडात समोरच होते. आपल्या घाटातला राखी रानकोंबडा आहे ना, कातडीचा हा पिवळेपणा कोंबड्यांना त्याच्याकडून मिळाला असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. बाकी मूळ घराणं लाल रानकोंबड्याचं. स्वभाव कोणाच्या माहेरचा ते तेवढं कळलं तर बरं होईल!

मध्यंतरी एक गृहस्थ याची कीर्ती ऐकून घरी आला. किंमत चांगली सांगत होता आणि तुऱ्यापेक्षा मांड्याच जास्त चाचपत होता. झुंजीसाठी हवा हे उघड होतं. जनावरं झुंजवणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी दिला नसता. सासूबाईंनी राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, तो राखण म्हणून द्यायचा नवस बोलून ठेवायचं काढलं होतं, तेही मी टोलवलं. एकदा बोललं की बोललं, मग राखण देईपर्यंत त्याला दुसरीकडे हलवता येत नाही.

आता प्रगती. चवथीच्या आसपास तो माझ्या वाटेतून आपणहून बाजूला होऊ लागला. बादली दिसली तरी पंख खाली येईना. मी खूश. पण त्याच सुमारास खुराड्यात लांब शेपटीची पिसं पडलेली दिसू लागली, मान विरळ झाली आणि बांगही बसल्यासारखी. पिसं गाळताना कोंबडा नरमतोच. अंगातला नराचा जोर ओसरलेला असतो आणि सगळी ताकद नवी पिसं उगवण्यात जाते. म्हणजे श्रेय सुपाला द्यायचं की पिसांना? तुमच्याकडेही कोणाचा कोंबडा याच दिवसांत "सुधारला" असेल तर एवढ्यात पेढे वाटू नका.

मला सुपाच्या बाजूने एकच पुरावा दिसतो, आणि तो वाईट बातमीच्या रूपात आहे. त्याच दिवसांत, गळक्या पिसांनिशी, तो सासूबाईंवर गेला. माणसं त्याला वेगवेगळी कळतात. माझ्याशी कसं वागायचं ते तो शिकला, पण तो धडा फक्त माझ्यापुरता. सासूबाई पहाटे जास्वंद आणि तगर काढायला जातात. वाकतात, पदर हलतो, तो दिसला की लगबगीने मागे सरतात. त्याला हवं ते सगळं त्यात आहे. सत्तरी उलटलेल्या बाईला गमबूट घालून सूप धरायला सांगणं मला शोभणार नाही. नवरा तर अजून पळतोच.

तेव्हा कोंबड्याला शिकवण्याचा भाग माझ्यापुरता संपला, बाकी घरासाठी कुंपण. पोफळीच्या फाळी रोवून पाच फुटी जाळी लावली, फुलझाडं एका बाजूला आणि कळप दुसऱ्या बाजूला. खुराडं आता सासूबाई फुलं घेऊन आत आल्यावरच उघडतं. खर्च म्हणाल तर जाळीचा आणि तारेचा, फाळी घरच्याच. ज्याचं अंगण लहान आहे आणि दार थेट रस्त्यावर उघडतं, त्याने असा कोंबडा ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खायच्या अंड्यांना कोंबडा लागत नाही.

त्याची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवणं बंद केलंय. तापटपणा रक्तातूनही उतरतो, आणि असे आणखी चार मला सांभाळायचे नाहीत. मावशीकडे एक शांत तरणा कोंबडा आहे, तो काही दिवस मागून आणायचा विचार आहे. त्यासाठी दोन-तीन कोंबड्या आधी वेगळ्या काढाव्या लागतील आणि तीन आठवडे थांबावं लागेल, कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे सहज टिकतं. घाई केली तर पिल्लं मावशीच्या कोंबड्याच्या नावावर आणि गुण शेंदऱ्याचे.

सध्याची अडचण वेगळीच आहे. जाळी लावली तेव्हा त्याच्या एका पंखाची लांब पिसं कातरली होती, म्हणून तो वरून उडत नव्हता. ती कातरलेली पिसं आता गळली आणि नवी येताहेत. नव्या पिसाच्या देठात रक्त असतं, निळसर दिसतं, तिथे कात्री लावली तर धार लागते. देठ पांढरे आणि कोरडे होईपर्यंत हात लावता येणार नाही, आणि त्याआधीच तो जाळीचा अंदाज घेऊ लागलाय. परवा फाळीच्या टोकावर चढून बसला होता. तोवर वरून आडवी जाळी ताणायची आहे आणि फाटकाला दुसरी कडी लावायची आहे, कारण पहिली पुतण्या उघडीच टाकतो.