गणवेशाच्या धंद्यातील आमची वाटचाल

लक्ष्मीपुरीतील भाड्याच्या गाळ्यात वडिलांनी शालेय गणवेश शिवण्यास सुरुवात केली आणि कोल्हापुरातील शाळांच्या मागणीबरोबर काम वाढत गेले. त्या काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. या धंद्याचे सारे वर्ष मार्च ते जून या हंगामावर उभे असते. 2019 च्या महापुरातून शहर जेमतेम सावरले होते, तोच मार्च 2020 मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर टाळेबंदी लागली आणि गोदामात येऊन पडलेल्या कापडाला गिऱ्हाईक उरले नाही.

आमच्याकडे शिलाई करणाऱ्या महिलांची मजुरी नगावर ठरलेली होती, त्यामुळे काम थांबताच ती थांबली. ज्यांचे पती रिक्षा चालवीत किंवा हॉटेलात कामाला होते, त्यांच्या घरी दोन्ही मिळकती एकाच आठवड्यात बंद झाल्या. रेशनवर माणशी दरमहा 5 किलो मोफत धान्य मिळाले, जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने 500 रुपये आले. परंतु तेल, दूध, गॅस आणि घरभाडे यांना रोकडच लागत होती. कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टपर्यंत मिळालेली मुदत माझ्यासारख्या बँकेच्या खातेदाराच्या कामी आली, हातउसने घेऊन दिवस काढणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग?

आमच्या उचलीच्या वहीत हे सर्व दिसते. पूर्वी उचल दिवाळीसाठी किंवा लग्नकार्यासाठी घेतली जाई. जून 2020 नंतरच्या नोंदी मोबाईल, रिचार्ज आणि थकलेली फी यांच्या आहेत. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर बाहेर गेलेला, आणि ऑनलाइन तासाला बसायची भावंडे दोन किंवा तीन, अशी परिस्थिती अनेकींनी सांगितली.

मास्क शिवण्याचे काम मिळताच आम्ही मशिनी महिलांच्या घरी पोहोचवल्या, आणि उचल बिनव्याजी देऊन ती हंगामातच वळती करून घेण्याचे ठरवले. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर 2020 पासून भरू लागले, तरी आमची खरी मागणी लहान मुलांच्या कपड्यांची असल्याने नेहमीसारखा हंगाम थेट जून 2022 मध्येच मिळाला. तेव्हाही पालक दोन मापे मोठा गणवेश मागत होते. मापाबाहेरचा कपडा मुलाच्या अंगावर लोंबतो, हे मला शिवणकामाच्या दृष्टीने पटेना, म्हणून आम्ही स्कर्ट व पँटच्या घेरात आणि उंचीत जादा कापड मोडून ठेवू लागलो, जे पुढच्या वर्षी उसवून सोडता येते. नगामागे खर्च थोडा वाढला.

काही घरांतील मोठ्या मुली मात्र शाळेत परतल्या नाहीत आणि आईबरोबर काम मागायला आल्या. अठरा वर्षांखालील कोणाला आम्ही मशिनीवर बसवत नाही. पण नुसता नकार दिला तर ती मुलगी दुसरीकडे कामाला लागणार, हे उघड होते. म्हणून मंदीच्या महिन्यांतही आईला ठरावीक किमान रक्कम देण्याची पद्धत आम्ही सुरू केली, आणि ती आजही चालू आहे.