तालमीपासून कशाला?

"शुभारंभाच्या रात्री जाऊन फोटो काढले की झालं ना? तालमींना कशाला जाता?" असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या एका हौशी संस्थेने 'शिकागो' ही जाझ संगीतिका बसवली, तिचे फोटो मी काढले. 1975 साली ती ब्रॉडवेवर आली तेव्हा दिग्दर्शन आणि नृत्यं बॉब फॉसी यांची होती. त्यांची छाप अजून पुसलेली नाही: गुडघे आत वळलेले, खांदा पुढे, टोपी डोळ्यांवर. उड्या कमी, सगळं काम मनगटाचं आणि बोटांचं. ते बोट कधी उठणार हे आधी ठाऊक नसेल तर फोटो हुकलाच.

आणि इथे आपला कान आड येतो. भजनं आणि तबला ऐकत वाढलेल्यांना ओढ समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची. जाझचा झोक मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. म्हणून नुसत्या पियानोवर तालीम चालते तेव्हा मी कॅमेरा पिशवीतच ठेवते आणि चुटक्या वाजवत बसते.

मग बँड येतो. ट्रम्पेटवाल्याच्या हातात रबराची वाटी असते. मोरी तुंबली की वापरतात तीच, दांडा काढलेली. ती भोंग्यासमोर उघडझाप केली की ट्रम्पेट 'वाऽ वाऽ' बोलू लागतो. वाटी उघडण्याआधी त्याचा खांदा किंचित उचलला जातो. हे चार तालमी पाहिल्याशिवाय दिसत नाही.

मुख्य फोटो रंगीत तालमीलाच होतात. कपडे, दिवे सगळं असतं आणि मला खुर्च्यांमधून फिरता येतं. शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नेत नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 6400 पर्यंत चढला तरी चालतो. दाणे दिसू देत, हललेलं बोट नको. प्रयोगात प्रेक्षकांमध्ये बसून शटर वाजवणं मला मान्यच नाही. मूक शटर लावावं तर एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे येण्याची भीती.

शुभारंभाला मी विंगेत उभी असते, तिथे बँडच्या आवाजात शटर बुडून जातं. टाळ्या लांबल्या की पुढचं वाक्य येईपर्यंत बँड तेच दोन बार, म्हणजे सुरावटीचे दोन छोटे तुकडे, फिरवत राहतो. तालमीत टाळ्याच नसतात, त्यामुळे हे थांबणं तिथे मिळत नाही. नायिका पोझ धरून उभी, बरगड्या वरखाली, हनुवटीवर घाम, कंडक्टरची नजर तिच्यावर. ती कुठल्या मात्रेवर हलणार हे तोवर मला पाठ झालेलं असतं.